फ्रेस-फॅनीच्या पाई

होम्स काउंटी, ओहायो
सोमवार, १४ ऑगस्ट

ऑर्फा,

पत्रात आधी हवापाणी लिहायची आपली रीत आहे, म्हणून लिहिते. उकाडा आहे. मका माणसाच्या डोक्यावर गेलाय. सकाळचं धुणं दोरीवर आहे आणि वाऱ्याचा पत्ता नाही. झालं हवापाणी.

तुझं पुस्तक पाहिलं. तू पाठवलं नव्हतंस, आणि पाठवणार तरी कुठल्या तोंडाने. शनिवारी मैदा आणायला दुकानात गेले होते, तर गल्ल्याशेजारी पिवळ्या कव्हराचा ढीग. ‘मोंटानाच्या डोंगरातलं आमिश स्वयंपाकघर’. मला वाटलं, वा, आमच्या ऑर्फाच्या वस्तीतल्या बायकांनी काढलेलं दिसतंय! कौतुकाने उचललं गं मी ते. माझी सख्खी बहीण तिथल्या उपदेशकाची बायको, तिची एखादी कृती असेलच म्हणून पानं उलटायला लागले.

होतीच. ‘फ्रेस-फॅनीच्या पाई’. कृती आईची, तिने मला हाताला धरून शिकवलेली. वाळवलेली सफरचंदं, दालचिनी, पाई अर्ध्या चंद्रासारखी दुमडायची आणि कडेला काट्याने दाब द्यायचा. शेवटची ओळ मात्र तुझी. ‘यात चाळीस पाई होतात. फॅनी घरात असेल तर तीस.’ आणि खाली नाव, मिसेस जोनास मास्ट.

मी पिठाच्या पोत्यांआड उभी होते. तेवढ्यात एक इंग्लिश बाई आली, आपल्यातली नव्हे, बाहेरच्या जगातली, गळ्यात कॅमेरा, पायात चपला. तिने नेमकं तेच पान उघडलं आणि गल्ल्यावरच्या पोरीला विचारलं, “हे फ्रेस म्हणजे काय गं?” पोरगी भोळी. तिने छान समजावून सांगितलं. “आमच्या बोलीत माणूस जेवतो त्याला एक शब्द आहे, गुरं चरतात त्याला दुसरा. हा दुसरा. माणसाला लावला तर, म्हणजे सारखं खात सुटणारं माणूस.” ती बाई इतकी हसली की तिला टेकायला जागा लागली. “म्हणजे ही फॅनी कुणी खरीखुरी आहे?” पोरगी म्हणाली, “आहे की. आमच्याच चर्चमध्ये आहे.” बाईने दोन पुस्तकं घेतली, एक तिच्या जावेसाठी. मी मैदा न घेताच घरी आले. अल्विन म्हणाला, “पाव कशाचा करणारेस?” मी म्हटलं, “गवताचा.”

तुमच्या डोंगरात घरं थोडी, तिथे कुणाला टोपणनावाची गरज पडत नसेल. इथे एका चर्चमध्ये चार फॅनी रेबर आहेत. एक लंगड्या जोची, एक दूधवाली, एक चष्म्याची. मी अल्विनची फॅनी होते. साधं, स्वच्छ नाव होतं. नऊ वर्षांपूर्वी तू मला दुसरं दिलंस, आणि आता दुधाच्या टँकरचा इंग्लिश ड्रायव्हरसुद्धा सकाळी टोपी काढून म्हणतो, “कशा आहात, मिसेस फ्रेस?” त्या बिचाऱ्याला ते आडनाव वाटतं.

माझं एक वेळ राहू दे. टोपणनाव आईबरोबर संपत नाही हे तुला ठाऊक आहे. लंगड्या जोचा नातू टणाटण उड्या मारतो, तरी त्याला लंगड्या जोचा म्हणतात. माझ्या वेर्नाला आता ‘फ्रेस-फॅनीची वेर्ना’ म्हणायला लागलेत. ती एकवीसची झाली. रूबेन ट्रॉयरशी तिचं जमलंय, हे तुला सांगते, अजून बाहेर फुटलेलं नाही. यंदाच्या प्रभुभोजनानंतर दोघांच्या लग्नाची घोषणा व्हायची आहे.

आणि प्रभुभोजनाआधी बिशप मेल्विन प्रत्येकाला विचारणार, तुझी सगळ्यांशी शांती आहे का. एकानेही नाही म्हटलं तर ते भोजन पुढे ढकलतात. भोजन नाही तर घोषणा नाही, घोषणा नाही तर लग्न नाही. आजवर दर खेपेला मी ‘आहे’ म्हणत आले. हे पुस्तक पाहिल्यापासून तो शब्द माझ्या तोंडातून निघेल असं मला वाटत नाही.

तेव्हा बिशपना एक पत्र लिही. आठ ओळी पुरेत. त्या रविवारी माझ्या घरी खरं काय झालं, ते लिही. आणि तुझ्या बायकांना सांग, पुढच्या छपाईत ते नाव काढा. मला याहून जास्त काही नको.

फॅनी


सोमवार, १८ सप्टेंबर

ऑर्फा,

तुझं पत्र आलं. दोन पानं हिमवर्षावाची, एक पान अस्वलाने उलथवलेल्या मधमाश्यांच्या पेट्यांचं, अर्धं पान जोनासच्या खोकल्याचं. मग शेवटी, कागद संपत आला तेव्हा, “अगं, पुस्तकातली ती गंमत होती. हल्ली तू फार मनाला लावून घेतेस.”

हल्ली! नऊ वर्षं हल्लीत बसवलीस.

आणि खाली, “आपल्याला क्षमा करायला सांगितलं आहे, जोनासही हेच म्हणतात.” जोनासना तू विचारलंस म्हणतेस. काय विचारलंस ते तर सांग. ‘माझी बहीण माझ्यावर रागावलीय’ एवढंच ना? कशाबद्दल रागावलीय हे ऐकल्यावर ते काय म्हणाले असते, मला फार ऐकायचं आहे.

तू लिहीत नाहीस, तर मीच लिहिते. निदान आपल्या दोघींत तरी ते एकदा कागदावर असू दे.

त्या रविवारी उपासनेची पाळी माझ्या घरी होती. तू दोन दिवस आधीच मदतीला आलीस, आणि आपण दोघींनी पाई केल्या. किती मजेत केल्या गं! मी लाटत होते, तू भरत होतीस, आणि आई आपल्याला कशी रागवायची त्याची नक्कल करत होतीस. पाई तळघरात फडक्याखाली ठेवल्या. शनिवारी जेवणानंतर मी बीटच्या बरण्या आणायला खाली उतरले, तर तू बटाट्यांच्या पेटीवर बसली होतीस. मांडीवर ताट. टोपीच्या नाड्या मध्ये येऊ नयेत म्हणून मानेमागे बांधलेल्या. मला आधी त्या नाड्याच दिसल्या. सहज जाता-जाता एक पाई तोंडात टाकणारी बाई नाड्या बांधत नाही.

मी ओरडले नाही. आठवतंय का? मी तुझ्याशेजारी त्या पेटीवर बसले. तू रडायला लागलीस, तोंडात घास तसाच. म्हणालीस, “मला थांबताच येत नाही, फॅनी. घरीही असंच करते. जोनास मागच्या शेडमध्ये लाकडं फोडत असतात तेव्हा.” दोन आठवड्यांनी नवा उपदेशक निवडायचा होता आणि जोनासचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. “ज्याची बायको गुरासारखी चरते त्याला कोण मत देईल?” असं तूच म्हणालीस. तो शब्द त्या तळघरात पहिल्यांदा तू उच्चारलास, आणि स्वतःसाठी उच्चारलास.

मी तुला म्हटलं, “रडू नको. उद्या कमी पडल्या तर मी सांगेन, माझीच मोजण्यात चूक झाली. कुणी फाशी देत नाही त्याला.” पदराने तुझं तोंड मी पुसलं, एप्रनच्या पदराने.

आणि दुसऱ्या दिवशी बायकांच्या दुसऱ्या पंगतीला पाई संपल्या. म्हाताऱ्या बायका रिकाम्या ताटाकडे बघत बसलेल्या. कुणीतरी म्हणालं, “एवढ्या केल्या होत्या ना गं, गेल्या कुठे?” मी तोंड उघडलं होतं, ऑर्फा. ‘माझी मोजण्यात’ एवढं माझ्या जिभेवर आलं होतं. तुला एवढा एक श्वास धीर निघाला नाही. तू कंबरेवर हात ठेवून हसलीस आणि म्हणालीस, “फॅनीला विचारा की! आमची फॅनी जेवते कुठे? ती फ्रेसते!”

सगळं घर हसलं. का हसणार नाहीत? मी अशी. बाबांची हाडं, बाबांचा बांधा, दारातून मी आले की दार भरतं. तू काडीसारखी. कोण काय खातं हे बघायला कुणाला वेळ असतो? लोक अंग बघतात आणि त्यावर शब्द चिकटवतात. तुला हे पक्कं माहीत होतं, म्हणूनच तू माझ्याकडे बोट केलंस. घरात दुसरी कुणी जाडी असती तर कदाचित मी वाचले असते.

तेव्हासुद्धा मी गप्प बसले. म्हटलं, जाऊ दे, एका रविवारची गोष्ट आहे. बिचारी घाबरलीय. पण मोंटानाला राहायला जाईपर्यंत तू दर रजईच्या बैठकीला ती गोष्ट नव्याने सांगितलीस. आधी दहा पाई होत्या, मग वीस झाल्या, मग मी तळघराच्या पायरीवर अडकले, मग अल्विनने मला दोरीने ओढून काढलं. मी समोर बसून टाके घालत असायची आणि तू माझ्या समोर सांगायचीस. हसताना एकदाही माझी नजर टाळली नाहीस. मला तर कधी कधी शंका यायची की खरंच मीच खाल्ल्या की काय.

तेव्हापासून मी चारचौघांत पोटभर जेवलेले नाही. जास्त घेतलं तर बायका एकमेकींकडे बघतात. कमी घेतलं तर एकजण दुसरीच्या कानात म्हणते, “घरून चरून आली असेल.” कुणाच्या मयतीच्या जेवणात मी पावाचा अर्धा तुकडा घेते आणि घरी येऊन मक्याची गार लापशी खाते. अल्विन एकदा म्हणाला, “तू किती जेवतेस ते मला रोज दिसतं. ज्यांना दिसत नाही त्यांनी चष्मे बदलावेत.” तेवढं एकच वाक्य माझ्या बाजूचं आहे या सगळ्या काउंटीत.

आता कारण सांगते हे सगळं उकरायचं. परवा रूबेनच्या आईकडे, एडना ट्रॉयरकडे, रजईची बैठक होती. वेर्ना धागा आणायला आत गेली. एडनाला वाटलं मी अंगणात आहे. मी खिडकीशीच होते. ती म्हणाली, “पोरगी हाताची चलाख आहे, स्वभावाने गोड आहे. पण शेवटी फ्रेस-फॅनीची. आमच्या पोराच्या घरात पीठ टिकेल ना गं?” बाकीच्या हसल्या. वेर्ना दारात धाग्याचं रीळ घेऊन उभी होती. तिने ते रीळ टेबलावर ठेवलं, सुईत दोरा ओवला आणि संध्याकाळपर्यंत तिथलं काही खाल्लं नाही. कॉफीबरोबरची बिस्किटंसुद्धा पुढे सरकवून दिली. एकविसाव्या वर्षी ती तेच शिकतेय जे मी सदतिसाव्या वर्षी शिकले.

जोनासना मी सरळ पत्र टाकू शकते. तिकीट तेवढंच लागतं. टाकणार नाही, कारण ते तू सांगायचं आहेस. पण मला ते सुचलं होतं हे तुला माहीत असू दे.

बिशपना लिही. ते शांतीचं विचारतात त्या सभेला अजून तीन आठवडे आहेत.

फॅनी


सोमवार, ९ ऑक्टोबर

ऑर्फा,

तुझं पत्र आलं नाही. बिशपनाही आलं नाही, मी टपालपेटी बघत होते तशी त्यांची बायकोही बघत होती. मी तिला नुसतं सांगितलं होतं की मोंटानाहून काही आलं तर कळवा.

काल सभा झाली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाकावर. माझ्या दोन बाक मागे वेर्ना. तिने मला आदल्या दिवशी एवढंच विचारलं होतं, “आई, तू काय म्हणणारेस?” मी म्हटलं, “माहीत नाही.” ती म्हणाली, “माझ्यासाठी खोटं बोलू नकोस.” मग थोड्या वेळाने परत आली. “पण रूबेन वसंतात शेत घेणारे, तोवर घोषणा झाली पाहिजे.” आणि आत जाऊन रडली. तिला काय पाहिजे होतं ते मला कळलं. दोन्ही पाहिजे होतं, आणि एकविसाव्या वर्षी ते मागण्यात काही चूक नाही.

बिशपांच्या वतीने डीकन बायकांच्या बाकांवरून एकेकीला विचारत आले. माझ्याकडे वाकले. “फॅनी?”

मी म्हटलं, “इथे बसलेल्या सगळ्यांशी माझी शांती आहे.”

डीकन पुढे सरकले. नंतर मी पंपाशी कप धूत होते तर बिशप मेल्विन हळूहळू काठी टेकत आले. म्हणाले, “फॅनी, इथे बसलेल्या असं का म्हणालीस?”

“इथे बसलेल्यांचंच विचारलंत ना?”

“आणि जे इथे बसले नव्हते?”

“ते आले की त्यांना विचारा.”

त्यांनी दाढी कुरवाळली. “या वयात कानाला नीट ऐकू येत नाही बघ,” म्हणाले, आणि गेले. भला माणूस आहे. पण ते माझं काम सोपं करून गेले असं मला वाटत नाही. मी इथे बसलेल्या सगळ्यांत एडना ट्रॉयरलासुद्धा धरलं, आणि ते खरं होतं. एडनाने तेच उचललं जे तिच्यापुढे टाकलेलं होतं. माझं भांडण टाकणारीशी आहे.

प्रभुभोजन बावीसला होईल. लग्न नोव्हेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी. वेर्नाला तू हवी आहेस. लहानपणी तू तिला कागदाच्या बाहुल्या कापून द्यायचीस, ते तिच्या डोक्यात आहे. रूबेनच्या वडलांची इच्छा आहे की जोनासनी उपदेशाचा एक भाग करावा. तेव्हा या. मी नाही म्हणणार नाही. तुला निजायला वरची खोली देईन, उबदार रजई देईन, स्टेशनवर अल्विन गाडी घेऊन येईल.

आलीस की माझ्या स्वयंपाकघरात दोन घटका थांब आणि जे पत्रात लिहिता आलं नाही ते तोंडाने सांग. बिशपना नको, बायकांना नको. एकट्या एडनाला सांग. वेर्ना तिच्याच घरी जाणार आहे. तेवढं केलंस तर मी बाकी सगळं सोडून देईन, आणि मी शब्द पाळते हे तुला माहीत आहे.

फॅनी


गुरुवार, १६ नोव्हेंबर

ऑर्फा,

घरी सुखरूप पोहोचलात ना? जोनासच्या खोकल्याला कांद्याचा रस दे.

तुला इथे नवं नाव पडायला लागलंय, ते दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच कळवते. मंगळवारी एडना भांडी परत द्यायला आली आणि सहज म्हणून गेली, “ती फ्रेस-ऑर्फा गेली का गं?” तिला वाटलं मला बरं वाटेल. मी म्हटलं, “एडना, ते नाव माझ्या दाराच्या आत आणायचं नाही. कुणासाठीच नाही.” ती ओशाळली. तुझ्यावर उपकार म्हणून मी हे केलं नाही. त्या नावाचं ओझं किती असतं ते मी जाणते, एवढंच. आणि माझ्या दाराबाहेर मी कुणाचं तोंड धरू शकत नाही. माझ्या वेळी तरी कुणी धरलं होतं?

लग्नाची गोष्ट तू तुमच्याकडे तुझ्या पद्धतीने सांगशील. माझी ही अशी.

तू बुधवारी दुपारी आलीस. मी तुला उराशी धरलं, आणि खोटं नाही लिहीत, मला बरं वाटलं. तू वाळली आहेस. हाताची हाडं लागली. संध्याकाळी एडना, तू आणि मी, तिघी खजुराच्या पुडिंगसाठी केक कुस्करत बसलो होतो. दुसरं कुणी नव्हतं. मी दोनदा काहीतरी निमित्त काढून बाहेर गेले, की तुम्ही दोघीच राहाव्यात. दुसऱ्यांदा परत आले तर तू एडनाला अस्वलाची गोष्ट सांगत होतीस. मला कळलं, तू सांगणार नाहीस. त्यावेळीसुद्धा मी ठरवलं, लग्न नीट होऊ दे, मग बघू.

गुरुवारी उपदेश झाला, लग्न लागलं, जोनास चांगलं बोलले. वेर्ना निळ्या पोशाखात आणि पांढऱ्या एप्रनमध्ये फार सुंदर दिसत होती. पहिल्या पंगतीची धांदल. मी चुलीशी बटाटे कुस्करत होते, तू ग्रेव्ही ढवळत होतीस, आणखी सहासात बायका हात चालवत होत्या. एडनाने तळघरातून नवरा-नवरीच्या कोपऱ्याच्या टेबलासाठी पुडिंगची मोठी काचेची भांडी वर आणायला सांगितली होती. दोनांतलं एकच भरलेलं आलं. दुसरं रिकामं, कडेला साय चिकटलेली.

“हे कुणी हो केलं?” एडना म्हणाली. “नवरीच्या टेबलाचं पुडिंग!”

तुला गप्प बसता आलं असतं, ऑर्फा. उंदीर म्हणता आलं असतं, पोरं म्हणता आलं असतं. घरात पन्नास पोरं होती. तू हसलीस. तेच हसणं, कंबरेवर तोच हात. “अगं, विचारता काय! लेक आईवर गेलीय. नवरीला सकाळी तळघरात उतरताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. फ्रेस-फॅनीचं रक्त आहे शेवटी!”

दोघीतिघी हसल्याही. एडना हसली नाही, ती दाराकडे बघत होती. दारात वेर्ना उभी होती, पाण्याचा जग न्यायला आलेली.

माझ्या पोरीचा आवाज चढला नाही. तुझ्याकडे बघून तिने सांगितलं, “मावशी, मी सकाळी खाली गेले तेव्हा तू तिथे होतीस. चमचा तुझ्या हातात होता. मला म्हणालीस, आईला सांगू नको गं पोरी. मी सांगितलं नव्हतं. पण ते मी खाल्लं नाही.”

मग तू माझ्याकडे पाहिलंस.

एवढ्या बायका होत्या, पण तू फक्त माझ्याकडे पाहिलंस, आणि मला तुझ्या नजरेतला शब्दन् शब्द वाचता येत होता. फॅनी, काहीतरी बोल. फॅनी, मोजण्यात चूक झाली म्हण. मी बोलेन याची तुला इतकी खात्री होती की तू थांबलीस माझ्यासाठी. मी बटाटे कुस्करत राहिले. लोणी घातलं, गरम दूध घातलं, आणि कुस्करत राहिले. नऊ वर्षांपूर्वी मला बोलायला एका श्वासाचा उशीर झाला होता. या वेळी मी बोललेच नाही.

एडनाला हळूहळू उमगत गेलं. तिने लाकडी चमचा खाली ठेवला. “फॅनी, म्हणजे त्या रविवारच्या पाईसुद्धा...”

मी म्हटलं, “ऑर्फा समोर उभी आहे, एडना. तिला विचार.”

तू एप्रन सोडलंस, घडी घालून पिठाच्या डब्यावर ठेवलंस आणि मागच्या दाराने गेलीस. ग्रेव्ही करपायला लागली, ती कुणीतरी उतरवली. जोनासना कुणी काय सांगितलं मला माहीत नाही. मी सांगितलं नाही. संध्याकाळच्या जेवणाआधी तुम्हाला नेणारी गाडी आली तेव्हा ते माझ्याकडे आले आणि टोपी हातात धरून नुसते उभे राहिले. मी म्हटलं, “भावोजी, प्रवासात तिला सगळ्यांबरोबर बसवून जेवायला लावा. एकटी सोडू नका.” त्यांनी मान हलवली. त्यांना बाकीचं कळलं होतं की नाही, मला सांगता येणार नाही. तू गाडीत पुढे तोंड करून बसली होतीस. वेर्ना हात हलवत होती, तिच्याकडेही पाहिलं नाहीस. एवढं तरी करायचं होतंस. तिने फक्त खरं सांगितलं होतं.

रागावले का मी अजून? हो, रागावलेय. मी तुला आठ ओळी मागितल्या, दिल्या नाहीस. दोन घटका मागितल्या, दिल्या नाहीस. आणि माझ्या घरात, माझ्या लेकीच्या लग्नात, तिच्याच अंगावर ते टाकायला तुला एक क्षणसुद्धा लागला नाही. माझ्यावर टाकलंस तेव्हा तू घाबरली होतीस, असं मी स्वतःला समजावत आले होते. या वेळी तू घाबरलेलीसुद्धा दिसली नाहीस. तुला सवय झाली आहे.

रात्रीच्या पंगतीला आम्ही रांधणाऱ्या बायका बसलो. एडनाने स्वतः उठून माझं ताट भरलं. कोंबडी, बटाटे, वर ग्रेव्ही, बाजूला पाई. “घे गं फॅनी, आणखी घे,” म्हणाली, आणि अल्विनची फॅनी म्हणाली, मुद्दाम, सगळ्यांना ऐकू जाईल असं. कुणी माझ्या ताटाकडे बघत नव्हतं. किती वर्षं मी या एका जेवणाची वाट पाहिली होती, तुला कल्पना नाही. सगळ्यांत बसून, हवं तेवढं, कुणी न बघता.

मी पहिला घास घेतला. तो तोंडातल्या तोंडात फिरत राहिला. समोरच्या बाकावर तुझी जागा तशीच होती, काटाचमचा मांडलेला, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती की तू दिवसभरात माणसांत बसून काहीच खाल्लेलं नाहीस. मी पाणी प्यायले. पुन्हा प्रयत्न केला. मग ताट बाजूला सारलं.

एडनाने विचारलं, “पोट भरलं?”

मी हो म्हटलं. माझं ते जेवणसुद्धा तू बरोबर घेऊन गेलीस, ऑर्फा.

फॅनी